वीज गेली की डेटा खराब होतो: रॅम, राइट कॅश आणि एसएसडी यांचा तोल कसा साधायचा

तक्रार साधारण अशी असते. दुकानात किंवा ऑफिसात डेस्कटॉप आहे, त्यात नवी एसएसडी बसवली आहे, वेगाबद्दल काही म्हणणं नाही. पण वीज जाऊन परत आली की टॅली डेटा दुरुस्त करायला सांगते, एक्सेलची फाइल उघडत नाही किंवा बिलिंगचा डेटाबेस सुरूच होत नाही. दुरुस्ती केली की काम चालू होतं आणि पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. मग कोणी विंडोज नव्याने टाकून देतं, कोणी एसएसडी बदलतं, तरी फरक पडत नाही. ‘सेव्ह झालं’ असं पडद्यावर दिसणं आणि तो डेटा फ्लॅश चिपवर खरोखर लिहिला जाणं, यांत काही वेळ जातो. दोष त्या मधल्या वेळेत असतो.

सेव्ह केलेला डेटा कुठे कुठे थांबतो

प्रोग्रामने फाइल लिहायला दिली की ती आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये, म्हणजे संगणकाच्या रॅममध्ये पडते. तिथून ती ड्राइव्हकडे जाते आणि ड्राइव्हच्या स्वतःच्या छोट्या रॅममध्ये थांबते. त्यानंतर नँड फ्लॅशवर किंवा हार्ड डिस्कच्या तबकडीवर लिहिली जाते. पहिल्या दोन्ही जागा व्होलाटाइल आहेत, म्हणजे वीज असेपर्यंतच डेटा धरणाऱ्या. डीरॅममध्ये, म्हणजे या रॅमच्या चिपमध्ये, प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. वीज गेली की त्यातला डेटाही गेला.

मग सरळ फ्लॅशवरच का लिहीत नाहीत? कारण नँड लिहायला हळू आहे. टीएलसी नँडमध्ये (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी फ्लॅश) एक पान लिहायला शेकडो मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदाच्या घरात वेळ लागतो. पुसायचं तर अनेक पानांचा आख्खा ब्लॉक पुसावा लागतो आणि त्याला काही मिलिसेकंद जातात. प्रत्येक छोटं लिखाण लगेच नँडवर नेलं तर वेग तर पडतोच, शिवाय थोड्याशा डेटासाठी मोठं पान खर्ची पडतं आणि ड्राइव्ह लवकर झिजते. म्हणून छोटी लिखाणं रॅममध्ये जमवायची आणि एकदम उतरवायची, ही रचना बरोबरच आहे. ती मोडायची नाही.

या रचनेची हमी एका आज्ञेवर उभी आहे. तिचं नाव फ्लश. डेटाबेस किंवा फाइल सिस्टिम महत्त्वाच्या क्षणी सांगते, ‘आत्तापर्यंतचं सगळं कायमच्या जागी उतरव आणि मगच झालं म्हण.’ ही आज्ञा शेवटपर्यंत पोहोचली आणि ड्राइव्हने ती इमानाने पाळली, तर वीज गेल्यावर फार तर शेवटची नोंद जाते, डेटा खराब होत नाही. वारंवार डेटा खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा ही आज्ञा वाटेत कुठेतरी गिळली जात असते. कुठे, ते शोधायचं.

आधी निदान पक्कं करा

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. कर्नल-पॉवर क्रमांक ४१ आणि इव्हेंटलॉग क्रमांक ६००८ या नोंदी म्हणजे संगणक नीट बंद न होता थांबला होता. त्यांच्या वेळा वीज गेल्याच्या वेळांशी ताडून पाहा. जवळपासच एनटीएफएस क्रमांक ५५ दिसत असेल तर फाइल सिस्टिमच्या रचनेलाही धक्का बसला आहे.

मग ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवा. एनव्हीएमई ड्राइव्ह (बहुधा थेट मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) असेल तर ‘अनसेफ शटडाउन्स’ ही ओळ पाहा. सॅटा एसएसडीत ‘अनएक्सपेक्टेड पॉवर लॉस’ किंवा तत्सम नावाची ओळ असते, क्रमांक बहुधा १७४ किंवा १९२. हे सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्साडेसिमल दाखवतं, त्यामुळे फंक्शन मेनूतून रॉ व्हॅल्यूज दशमान करून घ्या, नाहीतर किमती वेगळ्याच दिसतील. ओळींचे क्रमांक मात्र हेक्साडेसिमलच राहतात, १७४ म्हणजे AE आणि १९२ म्हणजे C0. आजचा आकडा लिहून ठेवा. वीज न जाता तो वाढत असेल तर भिंतीतली वीज निर्दोष आहे. तेव्हा पॉवर सप्लाय, सॅटाची सैल पॉवर केबल किंवा एका वायरीवरून दोन-तीन ड्राइव्हना वीज देणारा स्वस्त स्प्लिटर तपासा.

नुकसान कशा प्रकारचं आहे त्यावरूनही बरंच कळतं. फाइल उघडते पण शेवटच्या काही मिनिटांचं काम नाही, तर डेटा रॅममध्येच होता आणि प्रोग्रामने फ्लश मागितलाच नव्हता. ऑटोसेव्हचा कालावधी कमी करणं हा त्यावरचा साधा उपाय. फाइलचा आकार बरोबर आहे पण आत नुसती शून्यं आहेत, तर नाव आणि आकार जर्नलमुळे (बदलांची आधी केलेली नोंद) वाचले, मजकूर पोहोचलाच नाही. एनटीएफएसचं जर्नल फाइल सिस्टिमची रचना सांभाळतं, फाइलमधला मजकूर नाही. ‘जर्नलिंग आहे, मग डेटा सुरक्षित’ हा समज खूप पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. डेटाबेस चेकसमची (पान शाबूत आहे का हे ताडण्याचा आकडा) चूक दाखवत असेल तर पान अर्धवट लिहिलं गेलं आहे, किंवा लिखाणांचा क्रम उलटसुलट झाला आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत गंभीर, कारण त्यात फ्लश पाळला जात नसल्याची शक्यता दाट असते.

पहिली दुरुस्ती विजेची

एटीएक्स पॉवर सप्लायने बाहेरची वीज गेल्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद आतले व्होल्टेज टिकवून धरावेत अशी अपेक्षा असते. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पॉवर सप्लायला एक पूर्ण आवर्तन चुकलेलंही परवडत नाही. सप्लाय जुना असेल, आतले कपॅसिटर उन्हाळ्यांनी सुकलेले असतील, तर अवधी आणखी कमी.

आता इन्व्हर्टर पाहा. लोडशेडिंगच्या काळापासून महाराष्ट्रात घरोघरी आणि दुकानांत इन्व्हर्टर आहेत आणि अनेक ठिकाणी संगणक थेट त्यावरच चालतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे दोन स्थितींचा खटका असतो, एक यूपीएस मोड आणि दुसरा इको किंवा नॉर्मल मोड. नॉर्मल मोडमध्ये बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो, साधारण ४० मिलिसेकंदांपर्यंत. पंखे-दिव्यांना ते चालतं, संगणकाला नाही. यूपीएस मोडमध्ये हा वेळ १५ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ‘कधी संगणक तगतो, कधी रीस्टार्ट होतो’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. खटका यूपीएस मोडवर ठेवा. व्होल्टेज फार खाली-वर होत असेल तर या मोडमध्ये इन्व्हर्टर वारंवार बॅटरीवर जाईल, ते गृहीत धरा.

तरीही महत्त्वाच्या संगणकाला स्वतंत्र यूपीएस हवाच. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. नवी असताना ती एका साध्या डेस्कटॉपला आणि मॉनिटरला १० मिनिटांच्या आसपास सांभाळते. नीट शटडाउनला एवढं पुरतं. पण बंद, गरम खोलीत ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि थकलेली बॅटरी वीज असताना ओळखू येत नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्या फाइल बंद करून भिंतीवरचं बटण बंद करून पाहा. पाच मिनिटंही टिकत नसेल तर बॅटरी बदला. लेसर प्रिंटर या यूपीएसवर लावू नका. त्याचा गरम होणारा रोलर क्षणात इतका करंट खेचतो की बॅटरीवर असताना यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करतो.

यूपीएस घेताना यूएसबी डेटा पोर्ट असलेला घ्या. केबल जोडली की विंडोजला तो बॅटरीसारखा दिसतो. मग पॉवर ऑप्शन्समध्ये क्रिटिकल बॅटरी ॲक्शन हायबरनेट किंवा शटडाउनवर ठेवता येते. रात्री बॅकअप चालू असताना जवळ कोणी नसतं, तेव्हा खरा उपयोग याच सोयीचा.

विंडोजमधल्या दोन चौकटी

डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्ह्ज, आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज टॅब. इथे दोन चौकटी असतात आणि सगळा घोळ दुसरीत आहे.

पहिली, ‘एनेबल राइट कॅशिंग ऑन द डिव्हाइस’. ही चालू ठेवा. एसएसडीवर ती बंद केली तर छोट्या लिखाणांचा वेग कोसळतो आणि नँडची झीज वाढते. यूपीएस नाही, महत्त्वाचा डेटा जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि लिखाण थोडं आहे, अशाच ठिकाणी ती बंद करणं समजण्यासारखं आहे.

दुसरी, ‘टर्न ऑफ विंडोज राइट-कॅश बफर फ्लशिंग ऑन द डिव्हाइस’. इथे टिक असेल तर विंडोज ड्राइव्हला फ्लश पाठवतच नाही. डेटाबेस मागतो, विंडोज ‘झालं’ म्हणून सांगतं, आणि डेटा ड्राइव्हच्या रॅममध्ये तसाच राहतो. ‘एसएसडी फास्ट करा’ छापाच्या व्हिडिओंमध्ये ही टिक हमखास मारायला सांगतात आणि वेग मोजणाऱ्या चाचणीत आकडे वाढलेले दिसतातही. ही टिक काढा. स्वतःची बॅटरी किंवा कपॅसिटर असलेल्या साठवणुकीसाठीच ती आहे, आणि चौकटीखालच्या सूचनेत तेच म्हटलेलं असतं.

विंडोजमध्ये टिक नसली तरी काम संपत नाही. रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं) केलेलं असेल आणि इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी चालू असेल, तर तिच्यात राइट-बॅक कॅश (आधी रॅममध्ये घेऊन नंतर उतरवणारा) आणि कॅश-बफर फ्लशिंग यांच्या वेगळ्या सेटिंग्ज असतात. तिथेही फ्लशिंग चालू ठेवा. एसएसडी कंपनीच्या किंवा इतर कोणाच्या ‘रॅम वापरून वेग वाढवा’ सॉफ्टवेअरमध्ये लिखाण लांबवण्याची सोय असते. काहींत ते १० सेकंद किंवा त्याहून जास्तही लांबवता येतं. हिशेबाच्या संगणकावर हा भाग बंद करा, वाचनापुरता रॅम कॅश राहू द्या. वाचनाचा कॅश वीज जाऊन पुसला तर काहीच नुकसान नाही, कारण मूळ प्रत नॉन-व्होलाटाइल जागी असतेच. माझ्या मते तोल साधताना हाच पहिला निकष असावा: वाचनासाठी रॅम हवी तेवढी द्या, लिखाणासाठी मात्र हात आखडता ठेवा.

लिनक्स सर्व्हर असेल तर

कर्नलमध्ये डर्टी रेशो (न उतरवलेल्या डेटाची रॅममधली वरची मर्यादा) मुळात २० टक्के आणि डर्टी बॅकग्राउंड रेशो (जिथे मागच्या मागे उतरवणं सुरू होतं) १० टक्के असतो. ३२ जीबी रॅमच्या मशीनवर याचा अर्थ असा की सहा जीबीच्या आसपास न उतरवलेला डेटा रॅममध्ये साचू शकतो. लिखाण ३० सेकंद जुनं झालं की उतरवायला पात्र ठरतं आणि उतरवणारा धागा दर ५ सेकंदांनी जागा होतो. छोट्या सर्व्हरवर टक्केवारीऐवजी बाइट्समध्ये मर्यादा घाला. बॅकग्राउंडसाठी ६४ एमबी आणि वरची मर्यादा २५६ एमबी ही चांगली सुरुवात आहे. बाइट्सची सेटिंग दिली की टक्केवारीची आपोआप शून्य होते, ते पाहून गोंधळू नका. याने फ्लशची उणीव भरून निघत नाही, पण धोक्यातला डेटा कमी होतो आणि मोठी फाइल कॉपी करताना सगळं मशीन थिजतं तेही थांबतं.

ड्राइव्ह माउंट करताना (वापरासाठी जोडताना) बॅरिअर, म्हणजे क्रम पाळण्यासाठी फाइल सिस्टिमने पाठवलेला फ्लश, बंद करणारा पर्याय कोणी घातला असेल तर लगेच काढा. एक्सएफएस या फाइल सिस्टिमने तर तो पर्याय काढूनच टाकला आहे.

डेटाबेसमधल्या सेटिंग्ज

मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट’ या सेटिंगची मूळ किंमत १ असते. प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) लॉग डिस्कवर फ्लश होतो. वेगासाठी ती २ केलेली बरेचदा सापडते. तेव्हा लॉग फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशपर्यंत जातो आणि साधारण सेकंदाला एकदा फ्लश होतो, म्हणजे वीज गेल्यास सेकंदभराची बिलं जाऊ शकतात. ० केली तर डेटाबेसची प्रक्रिया नुसती कोसळली तरी तेवढंच नुकसान. डबलराइट बफर, म्हणजे पान जागी लिहिण्याआधी त्याची वेगळी प्रत ठेवणारी सोय, मात्र कधीही बंद करू नका. इनोडीबीचं पान १६ केबीचं असतं. ड्राइव्ह एवढं आख्खं पान एका दमात लिहील याची खात्री नसते. अर्धवट लिहिलेलं पान डबलराइटमधल्या प्रतीवरूनच सावरता येतं.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये फरक आणखी स्वच्छ आहे. ‘एफसिंक’ बंद केलं तर वीज गेल्यावर आख्खा डेटाबेस निकामी होऊ शकतो. ‘सिंक्रोनस कमिट’ बंद केलं तर शेवटचे काही व्यवहार जातात, मूळ सेटिंग्जमध्ये जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंदांतले, पण डेटाबेस सुसंगत राहतो. वेग हवाच असेल तर दुसरं बंद करा, पहिलं कधीच नाही. एसक्यूलाइटमध्ये वॉल मोड (आधी लॉग, मग डेटा) आणि सिंक्रोनस नॉर्मल ही जोडी असाच सौदा देते.

टॅलीत फ्लशच्या अशा सेटिंग्ज आपल्या हातात नसतात. तिथे वीज आणि बॅकअप हेच दोन उपाय. दुरुस्ती चालवण्याआधी डेटाचा आख्खा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, कारण रिपेअरमध्ये न जुळणाऱ्या नोंदी गळू शकतात.

ड्राइव्ह खोटं बोलते का, हे तपासणं

पोस्टग्रेस्क्यूएलसोबत पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं छोटं साधन येतं. ते दर सेकंदाला किती फ्लश पूर्ण होतात ते सांगतं. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते. त्याच जागी पुन्हा लिहायला तबकडीची एक फेरी जावीच लागते, त्यामुळे खरा आकडा १२० च्या आसपास किंवा खालीच येणार. साध्या हार्ड डिस्कवर तो काही हजार दिसला तर डेटा रॅमवरच थांबतो आहे आणि ‘झालं’ हे उत्तर खोटं आहे. एसएसडीवर असा पक्का उंबरठा नाही. साध्या ड्राइव्हवर काही शे ते काही हजार, आणि कपॅसिटरवाल्या सर्व्हर ड्राइव्हवर त्याहून कितीतरी जास्त आकडा येतो, आणि तो खराही असतो.

एसएसडीच्या बाबतीत कागदावरच्या दाव्यावर विसंबू नका. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून चाचणी घेतली होती. त्यांतल्या १३ ड्राइव्हमध्ये काही ना काही बिघाड दिसला: बिट बदलणं, अर्धवट लिखाण, लिखाणांचा क्रम चुकणं, ड्राइव्हची आतली नोंदवही बिघडणं आणि ड्राइव्ह पूर्ण मरणंही.

एमएलसी आणि टीएलसी या फ्लॅशच्या प्रकारांत आणखी एक अडचण आहे. एकाच सेलमध्ये दोन किंवा तीन बिट असतात आणि ते वेगवेगळ्या पानांचे असतात. वरचं पान लिहिताना वीज तुटली तर त्याच सेलमधलं आधीच सुरक्षित लिहिलेलं खालचं पानही बिघडू शकतं. म्हणजे काल सेव्ह केलेला डेटा आज जाऊ शकतो. काही ड्राइव्ह एवढ्यापुरतंच संरक्षण देतात, आधी लिहिलेलं वाचवतात, रॅममधलं नाही. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव दिलेलं असू शकतं, म्हणून माहितीपत्रकात रॅममध्ये असलेला डेटाही वाचतो का, हे शोधा.

पूर्ण संरक्षण असलेल्या ड्राइव्हच्या बोर्डावर कपॅसिटरची रांग दिसते. वीज गेली की त्यातल्या साठ्यावर ड्राइव्ह आपली रॅम नँडवर उतरवून मग थांबते. छोट्या ऑफिससाठी यातली २.५ इंची सॅटा सर्व्हर एसएसडी सर्वांत सोयीची, कुठल्याही डेस्कटॉपमध्ये बसते. एम.२ आकारातल्या अशा ड्राइव्ह बहुधा ११० मिलिमीटर लांब असतात आणि साध्या मदरबोर्डवर ८० मिलिमीटरपर्यंतचीच जागा असते, मोजूनच मागवा. बॅटरीवालं रेड कार्ड असेल तर बॅटरी उतरल्यावर कार्डाने आपोआप राइट-थ्रूवर (थेट ड्राइव्हवर लिहिण्यावर) यायला हवं. ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक’ अशी सक्तीची सेटिंग कोणी करून ठेवली नाही ना, ते पाहा.

चुकीच्या संशयितांबद्दल

डीरॅम नसलेली एसएसडी म्हणजे वीज गेल्यावर डेटा जाणार, हे खरं नाही. एसएसडीतली डीरॅम मुख्यतः कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवते. दर ४ केबीला ४ बाइट धरले तर १ टीबीला सुमारे १ जीबी लागते. डीरॅम नसलेल्या एनव्हीएमई ड्राइव्ह त्याऐवजी संगणकाच्या रॅममधून काही डझन एमबी उसनी घेतात, आणि ती गेली तरी नँडवरून नकाशा पुन्हा उभा करता येईल अशीच त्यांची रचना असते. एसएलसी कॅशवरही (सेलमध्ये एकच बिट लिहून वेग मिळवणारा भाग) उगाच ठपका येतो. तो नँडचाच भाग आहे, म्हणजे नॉन-व्होलाटाइल. मोठी फाइल कॉपी करताना काही जीबींनंतर वेग एकदम पडतो तो हा कॅश भरल्यामुळे. ड्राइव्हवर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवली की ते बरंच सुधारतं. त्याचा वीज जाण्याशी संबंध नाही.

पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कना विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळात असतं. कोणी ते ‘बेटर परफॉर्मन्स’ केलं असेल तर इजेक्ट न करता काढलेली बॅकअप डिस्क हाच पुढचा अपघात. आणि बॅकअप एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवत असाल तर हेही ध्यानात असू द्या: मेमरी उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेकच्या मानकानुसार साध्या एसएसडीने आयुष्य संपताना वीज नसलेल्या अवस्थेत ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा धरायचा असतो. सर्व्हरवाल्या ड्राइव्हसाठी ४० अंशाला तीनच महिने. नव्या ड्राइव्ह जास्त टिकतात, पण तापलेल्या खोलीतल्या कपाटात हार्ड डिस्कच बरी.

वीज गेल्यावर एसएसडी दिसतच नसेल तर

लगेच फॉरमॅट करू नका आणि फर्मवेअरही टाकू नका. आतला नकाशा पुन्हा बांधायला ड्राइव्हला वेळ लागतो आणि बायोस तेवढा थांबत नाही. सॅटा एसएसडी असेल तर डेटा केबल काढा, फक्त पॉवर केबल ठेवा आणि संगणक चालू करून २० मिनिटं तसाच सोडा. मग बंद करा, पॉवर केबल ३० सेकंद काढा, परत लावून आणखी २० मिनिटं द्या. एनव्हीएमई असेल तर बायोसच्या पडद्यावर तेवढाच वेळ थांबवून ठेवता येतं. त्यानंतर ड्राइव्ह दिसली तर तिच्यावरून विंडोज सुरू करण्याआधी ती दुसऱ्या संगणकाला जोडून डेटा काढून घ्या. आकार चुकीचा दिसत असेल किंवा मॉडेलच्या नावाऐवजी भलतंच नाव येत असेल, तर कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी आतली चिप) सुरक्षित अवस्थेत अडकला आहे. तिथे घरगुती उपाय थांबवा आणि डेटा हवा असेल तर ड्राइव्ह रिकव्हरीवाल्याकडेच द्या, वॉरंटीत बदलून घेतलेल्या ड्राइव्हबरोबर जुना डेटा परत येत नाही.